शेवटच्या रांगेतली सीट

लेस्टरहून परत येऊन तीन आठवडे झाले, तरी भेटायला येणारे अजून येतायत. प्रत्येकाला लंडनचं ऐकायचं असतं, आणि लंडन तर आम्ही गाडीच्या काचेतून जेवढं दिसलं तेवढंच पाहिलं. मग मी त्यांना विमानातल्या सीटची गोष्ट सांगते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी परदेशात आहे. आज ना उद्या त्यांनाही म्हाताऱ्या माणसाला घेऊन नऊ-दहा तास विमानात बसायचंय. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहूनच काढते.

राई

माझी मुलगी मृण्मयी लेस्टरला असते. तिचा नवरा अमेय तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. यंदा तिला मुलगी झाली. बाळंतपण होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा फोनवर म्हणाली, "आई, तू येशीलच. पण आजीला घेऊन ये."

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्याआधी एकतीस वर्षं अंधेरीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. सकाळी साडेसातला घर सोडायचे ते संध्याकाळी सातला परत. मृण्मयीला वाढवलं ते आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. तिचा पहिला दात, पहिलं पाऊल, शाळेतलं पहिल्या दिवसाचं रडणं, हे सगळं मी आईंच्या तोंडून ऐकलेलं आहे. त्यामुळे तिचं ते 'पण' मला जरा लागलं, आणि बरोबरही वाटलं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. भाईंदरजवळच्या आमच्या राई गावातच जन्मल्या आणि राईतच दिल्या गेल्या. आमचं शेत होतं तेव्हा त्यात भेंडी, मुळा, पालक, मेथी पिकवायच्या आणि पाटी डोक्यावर घेऊन भाईंदरच्या गुजराती सोसायट्यांतून विकायच्या. शेताच्या जागी आता सात मजली इमारत आहे. गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. घरात आगरी बोली, दुकानदाराशी हिंदी आणि जुन्या गिऱ्हाइकांशी गुजराती. व्हिसासाठी बोटांचे ठसे घ्यायचे होते तेव्हा यंत्राला त्यांची बोटंच उमटेनात. माती आणि विळा यांनी रेषा पार गुळगुळीत केल्या होत्या. चौथ्या खेपेला ठसे उमटले, तेव्हा तिथली मुलगी म्हणाली, आजी, तुम्ही फार काम केलंय. आईंना त्याचं काही वाटलं नाही. काम केलंय यात सांगण्यासारखं काय, असा त्यांचा चेहरा होता.

तिकिटं अमेयने काढली. सीट निवडायचं काम माझ्याकडे आलं, आणि ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या बाईला असं काम दिलं की काय होतं ते आमच्या घराने पाहिलं. मी पंधरा दिवस विमानाचा नकाशा अभ्यासला. दोन्ही कडांना तीन-तीन सीट, मध्ये चार. हिरव्या खुणेची सीट चांगली, पिवळी बेताची, लाल वाईट. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी, शहांनी, सांगितलं की अगदी पुढची भिंतीसमोरची रांग घ्या, पाय पसरता येतात. पण तिथे तान्ह्या बाळांचे पाळणे लावतात, असं मला कळलं. आपत्कालीन दाराजवळ तर ऐसपैस जागा असते, पण तिथे म्हाताऱ्या माणसांना बसू देत नाहीत. पंखावरची खिडकी घेतली की दिवसभर पंखच बघायचा. शिवाय विमान सकाळी निघून वायव्येला जाणार, म्हणजे डावीकडच्यांवर दुपारभर ऊन. उजवी बाजू सावलीची आणि डोंगरांची.

शेवटी मी तेहतिसावी रांग पक्की केली. पंखाच्या मागे, उजवीकडे. खिडकी आईंना आणि कडेची सीट मला. मधली मुद्दाम सोडली. अशी एकटी मधली सीट सहसा कुणी घेत नाही, विमान भरलं नाही तर ती रिकामी राहते आणि दोघांना तीन जागा मिळतात. ही युक्ती मला फार आवडली होती. माझा नवरा विलास, त्याला रजा नव्हती म्हणून तो घरीच राहणार होता, तो म्हणाला, "शैला, आईला विचारलंस का?"

मी आईंना नकाशा दाखवला आणि खिडकीतून ढग कसे खाली दिसतात ते सांगितलं. तुम्हाला खिडकी घेतलीय, म्हटलं. त्या म्हणाल्या, तू सांगशील तिथं बसते. ते मी होकार म्हणून धरलं.

विमानतळ

सकाळी सहाला निघालो. काशीमिऱ्याला हायवेवर लागेपर्यंत आईंनी पिशवी तीनदा उघडून बघितली. आत ओवा, बाळंतशेपा, घरची हळद, मालिशचं खोबरेल आणि बाळासाठी त्यांच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी होती. खोबरेल मोठ्या बॅगेत टाकायला सांगितलं होतं. ते हातातल्या पिशवीतच राहिलं आणि सुरक्षा तपासणीत काढून घेतलं गेलं. आईंनी तिथल्या पोलीसबाईला हिंदीत सांगितलं की मग तुझ्याच पोराला लाव, पण फेकू नको. ती बाई हसली. तिला पोर होतं की नाही, कुणास ठाऊक.

व्हीलचेअर आधी नको होती. बसल्यावर मात्र त्यांना ती आवडली, कारण ढकलणारा माणूस पालघरकडचा निघाला आणि दोघांनी मिळून वाटेत भाताच्या जातींची उजळणी केली. मी मागून दोन बॅगा घेऊन चालत होते. विमानात शिरायच्या आधी आई म्हणाल्या की मोरीत जाऊन येते. गेल्या, आल्या, आणि दारातून आत जाता जाता पुन्हा एकदा जाऊ का म्हणाल्या. मागे रांग लागलेली. मी म्हटलं, आई, आत आहे, आतही जाता येतं. त्या पिशवी सावरून आत शिरल्या. हे मला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

तेहतिसावी रांग

आमच्या मधल्या सीटवर माणूस होता.

म्हणजे बाई होती. पन्नाशीच्या पुढची, पंजाबी ड्रेस, पायात जाड मोजे, मांडीवर ठेपल्यांचा डबा. नाव हंसाबेन. माहेर भाईंदरचंच, आता लेस्टरला एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी. भावाच्या मुलाच्या लग्नाला आली होती आणि सुट्टी संपवून परत चालली होती. मी तिला सुचवलं की तुम्ही कडेला या, मी मध्ये बसते, म्हणजे आईंच्या शेजारी होईन. तिने नकारार्थी मान हलवली. आईंशी तिची ओळख एव्हाना झालीही होती. तिच्या आईच्या सोसायटीत आई भाजी द्यायच्या की नाही याचा दोघी गुजरातीत तपास करत होत्या. "रहेवा दो ने, बेन, आम्ही बोलतोय," ती मला म्हणाली. मला वाटलं, छान झालं. सोबत मिळाली.

विमान उडालं तेव्हा आईंनी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. मी हंसाबेनच्या पलीकडून वाकून म्हटलं, बघा आई, समुद्र. त्यांनी एक डोळा उघडून पाहिलं आणि आपला समुद्र आहे का, विचारलं. हो म्हटल्यावर तो डोळाही मिटला.

जेवण आलं. भात, पनीर, वाटीभर डाळ, एक गार पाव आणि केकचा तुकडा. आईंनी भात आणि डाळ खाल्ली, पाव पिशवीत ठेवला. पाण्याचा पेला आला तो तसाच राहिला. हंसाबेन ठेपला खाऊन झोपली. मी कानाला यंत्र लावलं आणि सिनेमा पाहू लागले. मध्येमध्ये मान वर करून आईंच्या डोक्यावरून बाहेर बघत होते. वाळवंट सुरू झालं होतं. पिवळ्या जमिनीवर वाळलेल्या नदीचे फाटे दिसत होते, झाडाची मुळं उपटून ठेवल्यासारखे. मग हळूहळू डोंगर आले, आणि डोंगरांवर बर्फ. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नव्हता. आई समोरच्या सीटकडे बघत बसल्या होत्या. मला वाटलं, एवढी चांगली जागा दिली आणि बघत नाहीत. थोडा रागही आला.

पाच-साडेपाच तास झाले असतील. हंसाबेनने माझा दंड हलवला. मी कानातलं काढलं.

"तुमच्या सासू पाणी पीत नाहीत," ती म्हणाली. "मी जागी होते तेव्हाही नाही घेतलं. ज्यूस आला तो मला दिला. आता ओठ बघा."

मी बघितलं. ओठ पांढरे पडले होते. हंसाबेनने त्यांच्याकडे वळून विचारलं, "बा, सवारथी पाणी केम नथी पीधुं?" आई म्हणाल्या, तरस नथी, तहान नाही. आणि मग, कदाचित आपण ठीक आहोत हे दाखवायला, उठून उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या तशा पुढच्या सीटवर आपटून खाली बसल्या. मान एका बाजूला गेली. कपाळावर घाम आला होता आणि हात थंडगार.

मी फक्त आई, आई म्हणत राहिले. हंसाबेनने मला उठवून बाहेर काढलं, मधल्या सीटचे हात वर केले, आईंना तिन्ही सीटवर आडवं केलं आणि त्यांचे पाय स्वतःच्या खांद्याएवढे उंच धरले. हवाई सुंदरी धावत आली. हंसाबेनने तिला इंग्रजीत सांगितलं की अठरा वर्षं हेच काम करतेय, रक्तदाब मोजायचं यंत्र आण, आणि साखर-मीठ घातलेलं पाणी. रक्तदाब खाली गेला होता. चमच्या-चमच्याने पाणी गेलं. दहा मिनिटं मला दहा मिनिटं वाटली नाहीत. त्या वेळात मी मनातल्या मनात मृण्मयीला फोन करून काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

मग आईंनी डोळे उघडले आणि पहिलं काय केलं, तर पायावरून वर गेलेली साडी खाली ओढली.

शेपटीजवळ

सर्वांत मागे, विमान निमुळतं होतं तिथे, कडेच्या तीन सीटच्या दोनच होतात. शेवटच्या रांगेतल्या दोन रिकाम्या होत्या. सीट मागे कलत नाही, पाठीमागे शौचालय, शेजारी कर्मचाऱ्यांचं स्वयंपाकघर, भांड्यांचा आवाज. माझ्या नकाशात ही रांग लाल होती. हवाई सुंदरीने आम्हाला तिथे नेलं, म्हणजे आजी आमच्या नजरेसमोर राहतील म्हणाली. आईंना कडेला बसवलं, मला खिडकीला. हंसाबेनला पूर्ण तीन सीट मिळाल्या. तिने मला नंतर सांगितलं की एवढी छान झोप तिला घरीही लागत नाही.

आई आणखी एक पेला पाणी प्यायल्या. मग उठल्या, मागच्या दारात गेल्या आणि परत आल्या. अर्ध्या तासाने पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा येऊन बसल्या तेव्हा चेहऱ्यावर रंग आला होता. मी विचारलं, "आई, पाणी का नाही प्यायलात?"

त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग माझ्या कानाशी आल्या.

"ती बाई झोपलेली. तू कानात घालून बसलेली. मना घडीघडी जावा लागते, तुना म्हायती हाय. दोघींना दर वेळी उठवायचा म्हंजे लाज वाटते. मंग म्हटला, पानीच नको. पानी न्हाय तर काम न्हाय."

मला माहिती होतं. घरी रात्री त्या किती वेळा उठतात हे मला माहिती होतं. त्यांच्या खोलीपासून मोरीपर्यंत दिवा मीच लावून ठेवते. आणि पंधरा दिवस मी ऊन कुठल्या बाजूने येणार हे बघत होते.

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला खिडकी आवडेल."

"आवडली की," आई म्हणाल्या. "पन तुना जास्ती आवडते. सकाळपासून माझ्या डोक्यावरून बघतेस. मंग सांगायचा ना, मना पायजे म्हनून."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. बोलून झाल्यावर पिशवीतला तो गार पाव काढला आणि अर्धा मला दिला. मी खिडकीकडे तोंड करून तो खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आईंनी बघू नये एवढ्यासाठी बराच वेळ बाहेर बघत राहिले. बाहेर काय होतं ते आठवत नाही.

राहिलेले चार तास आईंचे फार मजेत गेले. गुडघे आखडले की उठायच्या आणि मागच्या स्वयंपाकघराच्या पडद्याला धरून उभ्या राहायच्या. तिथल्या मुलींपैकी एक गोव्याची, एक लखनौची. आईंनी त्यांची लग्नं झालीत का, आई-वडील कुठे असतात, दिवसभर उभं राहून पाय सुजतात का, सगळं विचारून घेतलं. पाय सुजतात म्हटल्यावर मिठाच्या पाण्यात बुडवायला सांगितलं. आईंना दोनदा चहा मिळाला आणि मला एकदाही नाही. विमान लंडनला उतरायला लागलं तेव्हा त्या पुढची सीट न धरता बसल्या होत्या.

लेस्टर

विमानतळावरून लेस्टर अडीच तास. अमेय गाडी घेऊन आला होता. एप्रिल महिना असून हवा आपल्या जानेवारीपेक्षा थंड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवीगार कुरणं, त्यात मेंढ्या, आणि माणूस कुठेच नाही. आईंना त्या रिकामपणाची काळजी वाटली. राखण कोण करतं, असं त्यांनी अमेयला दोनदा विचारलं.

मृण्मयी दारात उभी होती. डोळ्यांखाली काळं, केस कसेही बांधलेले. माझ्या गळ्यात पडली आणि मग आजीकडे वळून लहान मुलासारखी रडायला लागली. बाळाला दूध पुरत नाही, झोपत नाही, मला काहीच येत नाही, असं बरंच काही एका दमात. आईंनी तिला काही सांगितलं नाही. हात धुतले, बाळाला घेतलं आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या, कारण घरातले सोफे त्यांना फार मऊ होते. त्या संध्याकाळी मृण्मयी सलग पाच तास झोपली. मी खिचडी केली. मला तिची आई असण्याचं काम त्या दिवशी खिचडीपुरतंच मिळालं, आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही.

तिथे बाळाला बघायला सरकारी नर्स घरी येते. गोरी, उंच, मऊ बोलणारी. ती आली तेव्हा आई जमिनीवर पाय पसरून, पायांवर बाळाला पालथं घालून तेल चोळत होत्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. नर्सने बूट काढले, शेजारी मांडी घालायचा प्रयत्न केला, जमला नाही, मग गुडघ्यांवर बसून शेवटपर्यंत बघितलं. जाताना मृण्मयीला म्हणाली, बाळ छान आहे, आणि तुझ्या आजीसारखी आजी मलाही चालली असती. आईंना हे मराठीत सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग तिला जेवायला का नाही थांबवलं.

माझ्या वहीत आईंसाठी लंडनचा एक पूर्ण दिवस लिहिलेला होता. राजवाडा, नदी, मोठं घड्याळ. अमेयने गाडी काढायची तयारीही दाखवली. मी वही उघडली, पुन्हा मिटली आणि आईंना विचारलं की इथे तुम्हाला काय बघायचंय. त्या म्हणाल्या की ही माणसं भाजी कुठे पिकवतात ते बघायचंय. बाजारात मिळालेली मेथी त्यांना पसंत नव्हती. ती मेथीही आपल्यासारखीच विमानाने आलीय, असं त्यांचं मत होतं.

विमानातून उतरताना हंसाबेनने नंबर दिला होता, मी तिला फोन केला. तिचा नवरा शहराच्या कडेला भाजीसाठी जमिनीचा एक तुकडा भाड्याने घेतो. तिथे अशी पुष्कळ माणसं घेतात, सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जातात आणि खणत बसतात. रविवारी तिने आम्हाला नेलं. शे-दीडशे वाफे, प्रत्येकाला लाकडी खोपटं, मध्ये पायवाट. एका बाजूला इंग्रज म्हातारा बटाट्यांना माती चढवत होता, दुसऱ्या बाजूला हंसाबेनच्या नवऱ्याची मेथी, कोथिंबीर, पालक, लसूण. मेथी वीतभर होती.

आई वाफ्याच्या कडेला उभ्या राहिल्या. चप्पल काढली. हंसाबेन म्हणाली, बा, थंडी छे, तरी काढली. मग एक हात माझ्या खांद्यावर ठेवून हळूहळू खाली बसल्या आणि मातीची चिमूट घेऊन बोटांवर चोळली.

"काली हाय," त्या म्हणाल्या. "चांगली हाय."

आणि तण काढायला लागल्या. गुडघे दुखतील म्हणून मी एकदा म्हटलं, पुन्हा म्हटलं नाही. दोन ओळी पूर्ण केल्या. हंसाबेनचा नवरा अवघडून उभा होता, पाहुण्याला काम करायला लावल्यासारखं त्याला वाटत होतं. शेजारचा इंग्रज म्हातारा कुदळ टेकून बघत होता. त्याने येऊन आपल्या वाफ्यातला मुळ्यांचा एक जुडा आईंच्या पुढे ठेवला. आईंनी मुळा मोडून चाखला आणि त्याच्याकडे बघून मान डोलावली. एवढंच. त्यांना एकमेकांचा एक शब्द कळला नसता, आणि त्याची गरजही पडली नाही.

राईतलं शेत गेल्याला चौदा वर्षं झाली. ते बिल्डरला द्यायचं विलास आणि मी ठरवलं, त्या तू सांगशील तसं म्हणाल्या. घरी येताना गाडीत त्यांचे दोन्ही हात मांडीवर उघडे होते आणि नखांत माती होती. घरी पोचल्यावर मृण्मयी म्हणाली, आजी, हात धू. त्या म्हणाल्या, धुते, घाई काय हाय.

परतताना

पाच आठवडे झाले. बाळ आईंना ओळखायला लागलं होतं, मलाही थोडंफार. निघायच्या आदल्या दिवशी सीट निवडायची होती. अमेयने लॅपटॉप उघडला. मी आईंना शेजारी बसवलं आणि विचारलं की कुठे बसायचं. या वेळी नकाशाची बाजू घेऊन मी काहीच बोलले नाही.

"मागं," आई म्हणाल्या. "शेवटी. त्या पोरी असतात तिथं."

अमेय म्हणाला, आजी, ती लाल आहे. वास येतो, सीट मागे जात नाही. आईंनी त्याला विचारलं की तुझ्या घरात मोरी कुठे आहे. झोपायच्या खोलीला लागून, तो म्हणाला. मग झालं तर, आई म्हणाल्या. त्याने शेवटच्या रांगेतल्या दोन्ही सीट घेतल्या. खिडकीवर माझं नाव घातलं, ते आईंनी सांगितलं म्हणून.

दारातला निरोप लिहिणार नाही. मृण्मयी या वेळी आधी माझ्या गळ्यात पडली आणि बराच वेळ सोडलं नाही, इतकं पुरे.

परतीचं विमान संध्याकाळचं. मागच्या मुली वेगळ्या होत्या, पण आईंना त्याने फरक पडला नाही. खाणं झाल्यावर त्या कडेच्या सीटवर पाय थोडे बाहेर काढून झोपल्या, उठल्या, पाणी प्यायल्या, मागे गेल्या, आल्या, झोपल्या. कुणाला उठवायचं नव्हतं. मला जाग आली तेव्हा खिडकीच्या झडपेच्या फटीतून उजेड येत होता. मी झडप वर केली. खाली समुद्र, त्यावर मासेमारीच्या होड्या तिळाएवढ्या. मग किनारा आला आणि मी नाक काचेला लावलं. उत्तन, चौक ही किनाऱ्याची गावं. खाडीचं चकाकणारं पाणी, रेल्वेचा पूल, मिठागरांचे चौकोन, मिरारोडचे टॉवर. आणि खाडीच्या कडेला, तिवरांच्या हिरव्यात घुसलेली, दाटीवाटीची वस्ती. राईच ती. आमच्या दारातली सात मजली इमारत शोधेपर्यंत विमान कलू लागलं.

आई डोळे मिटून बसल्या होत्या. मी त्यांच्या हाताला हात लावला.

"आई, खाली राई दिसतेय. बघायचीय?"

"तू बघ," आई डोळे न उघडता म्हणाल्या. "मना काय, उद्यापासून तेच बघायचा हाय."